उजव्या स्क्रीनवरचं जंगल

आमच्या ऑफिसात पुठ्ठ्याचा एक खोका आहे. त्यात बंद पडलेल्या केबली, दोन माउस, निम्मी बटणं गेलेला एक कीबोर्ड आणि कोणत्या मशीनचा ते कुणालाच आठवत नाही असा एक चार्जर. फेकता येत नाही, कारण सगळं डेडस्टॉक रजिस्टरवर आहे. किस्स्यांचं तसंच आहे बघा. कुणी जमवायला बसत नाही, पण फेकायची परवानगी नसते म्हणून साचत जातात. परवा माहेरी ब्रह्मपुरीला गेले, तर बहिणी मागेच लागल्या, "ते स्क्रीनचं सांग ना गं, ते स्क्रीनचं!" आता स्क्रीनचं एक सांगायचं तर सगळेच किस्से सांगावे लागतात. सांगते. पण मधेच कुणी चहा ठेवायला उठायचं नाही.

मी वनखात्याच्या रेंज ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. कंत्राटी. अकरा महिने नोकरी, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. कोणती रेंज ते विचारू नका, जंगलात आहे एवढं पुरे. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. समोरून जनावर गेलं की फोटो निघतो. कॅमेऱ्यातली कार्डं ऑफिसात येतात, मी फोटो उतरवते, वेगळे करते आणि महिन्याचा रिपोर्ट बनवते. हे सगळं जिथं चालतं त्या खोलीला 'कंट्रोल रूम' म्हणतात. आधी तिथं तेंदूपत्त्याची रिकामी पोती असायची. अजूनही वास येतो.

या खोलीत माझ्या खुर्चीच्या बाजूला एक स्टूल होतं. त्यावर मडावी भाऊ बसायचे. मडावी भाऊ वनमजूर. कॅमेरे बांधायचे ते, कार्डं काढून आणायचे ते, आणि मी फोटो उघडला की हे कोण ते सांगायचेही तेच. "हे नदीकडची म्हातारी हाय. तिचा कान फाटला हाय पाय." मी झूम करून बघायचे. त्या वाघिणीचा कान फाटलेलाच असायचा. सकाळी आले की "जय सेवा, बाई" म्हणायचे, मी "जय भीम, भाऊ" म्हणायचे आणि दोघं कामाला लागायचो.

त्यांचं गाव ऑफिसपासून सायकलनं तासभर. घरी त्या दोघांशिवाय कुणी नाही आणि बायकोला आता दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. रोज संध्याकाळी घरी गेले की भाऊ तिला सांगायचे, आज कॅमेऱ्यात कोण कोण आलं. कोण लंगडत होतं, कुणाची पिल्लं मोठी झाली. तिनं विचारायचं आणि यांनी सांगायचं. दुसरा टीव्ही घरात नाही.

तर गमतीच्या गोष्टींत एक गोष्ट गमतीची नाही, ती आधीच सांगून टाकते. नव्या साहेबांच्या मनात आलं, की कॅमेरे आहेत, कॉम्प्युटर आहे, मग स्टूलवरचा माणूस कशाला? मडावी भाऊंना तिकडं सिरोंच्याच्या अंगाला लाकूड डेपोवर पाठवायचं ठरलं. तिथून महिन्यातून एकदा घरी येणं झालं तर झालं. भाऊ मला एवढंच म्हणाले, "मी तिथी गेलो तर इले कोन सांगन, बाई?"

*

आता पहिला किस्सा.

साहेब आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी दोन मोठ्या स्क्रीन मागवल्या. "एकावर जुना फोटो, एकावर नवा. शेजारी शेजारी. तुलना करता आली पाहिजे." साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन, आवाज कधी चढवत नाहीत. फक्त एकदा ठरवलं की त्यांना ऐकू येत नाही.

दोन्ही स्क्रीन सारख्याच, चांगल्या लांबरुंद. पण आमचा सीपीयू जुना. त्याला एक नव्या पद्धतीची केबल लागते आणि एक जुनी, निळ्या तोंडाची. मी म्हटलं, मी लावते. बोरकर बाबू म्हणाले, "सामान माझ्या ताब्यात आहे, मी लावतो." बोरकर बाबू म्हणजे आमचे क्लार्क. त्यांनी निळी केबल उलटी धरली आणि जाईना म्हणून जोरानं दाबली. गेली!

आता हे नीट ऐका, पुढचं सगळं इथून सुरू होतं. त्या निळ्या तोंडात बारीक बारीक पिना असतात. त्यातली एक मोडली. चित्र येतं, रंग येतात, सगळं येतं. फक्त 'मी एवढी लांबरुंद आहे' हे स्क्रीन कॉम्प्युटरला सांगू शकत नाही. मग कॉम्प्युटर आपल्या मनानं धरतो की समोर जुना चौकोनी मॉनिटर आहे, आणि तेवढंच चित्र पाठवतो. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर मोठं रिझोल्युशन यादीतच नाही. ड्रायव्हर टाकून बघितला, मशीन बंद-चालू केली, हात जोडून बघितले. नाही म्हणजे नाही.

मी म्हटलं, "बाबू, केबल बदलू. कुठंही मिळते."

बाबू म्हणाले, "आता नाही बदलता येत. नंबर टाकला."

आमच्या खात्याची एक सवय आहे. जे उभं दिसेल त्याला नंबर टाकायचा. झाडाला टाकतात, खांबाला टाकतात, पाण्याच्या माठाला टाकलेला मी स्वतः पाहिला आहे. बाबूंनी दोन्ही स्क्रीनना, सीपीयूला आणि केबलीच्या त्या निळ्या तोंडालाही पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला होता. पेंट ओघळून स्क्रूमध्ये गेला आणि वाळला. केबल आणि सीपीयू कायमचे एक झाले.

"बदलायची तर निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरवरून नाव कमी करायचा, प्रस्ताव पाठवावा लागेल," बाबू म्हणाले. प्रस्ताव पाठवला. अजून मंजूर होऊन आलेला नाही.

मडावी भाऊंनी वाकून ते निळं तोंड पाहिलं. म्हणाले, "सागवानाले बी येवढा रंग नाई लावत, बाबू!"

*

पहिल्याच दिवशी साहेब स्वतः बसले. माउस उजवीकडं ढकलला. बाण कडेला जाऊन अडला. पुन्हा ढकलला, पुन्हा अडला. डावीकडं नेला तर बाण एकदम उजव्या स्क्रीनच्या पलीकडच्या टोकातून निघाला. साहेबांनी माउस उचलून खाली बघितलं.

मी सांगितलं, "सर, कॉम्प्युटरला वाटतंय उजवी स्क्रीन डावीकडं आहे. सेटिंगमध्ये दोन चौकोन असतात, त्यांची अदलाबदल केली की झालं. दोन मिनिटं."

"सेटिंगला हात लावू नका," साहेब म्हणाले. "एक गेलं की दुसरं बिघडतं."

मग गार्ड शेंडेला हाक गेली. शेंडे आणि मडावी भाऊंनी दोन्ही स्क्रीन उचलल्या आणि डावीकडची उजवीकडं, उजवीकडची डावीकडं ठेवली. केबली पुरेनात म्हणून टेबल सरकवलं. टेबल सरकवलं म्हणून कपाट सरकवलं. कपाट दारात आलं म्हणून दार आजतागायत अर्धंच उघडतं. बाबू पोटामुळं त्यातून आडवे होऊन येतात.

पण बाण बरोबर चालायला लागला! साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "पाहिलंत? सेटिंगशिवाय."

*

त्या अदलाबदलीत मोडक्या पिनेची स्क्रीन उजवीकडं आली. चित्र चौकोनी, स्क्रीन रुंद. त्यामुळं दोन्ही बाजूंना उभ्या काळ्या पट्ट्या. मी त्यात समाधानी होते. चित्र निदान खरं होतं.

साहेबांना पट्ट्या पटेनात. "सरकारनं पूर्ण स्क्रीन दिली आहे मॅडम. पूर्ण वापरा."

"सर, पट्ट्या काढल्या तर चित्र आडवं ताणलं जाईल."

"पण भरेल ना?"

"भरेल."

"मग भरा."

स्क्रीनच्या खालच्या कडेला बटण असतं. मी ते दाबलं आणि 'वाइड' केलं. चित्र दोन्ही कडांपर्यंत गेलं. साहेब खूश. पुढं जे झालं ते सगळं त्या बटणामुळं झालं, आणि ते बटण मी दाबलं. उगाच दुसऱ्याच्या नावावर कशाला घालू?

मडावी भाऊ स्टूलवरून बघत होते. समोर चितळाचा फोटो होता. म्हणाले, "बाई, हे चितळ काऊन असं फुगलं?"

"चितळ नाही फुगलं, भाऊ. स्क्रीन तशी आहे."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मले वाटलं काई खाल्लं त्यानं."

*

आता शेंडेचं ऐका. गार्ड शेंडे म्हणजे तरणाबांड, रोज जंगलात दहा-बारा किलोमीटर चालणारा. अंगावर एक छटाक जास्त नाही. एकदा वरच्या ऑफिसची व्हीसी, म्हणजे स्क्रीनवरची मीटिंग होती आणि साहेबांनी शेंडेला कॅमेऱ्यासमोर बसवलं. स्वतःचा चेहरा त्याला उजव्या स्क्रीनवर दिसला.

व्हीसी संपली तरी तो उठेना. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मी असा कधी झालो?"

मी पिन, केबल, बटण सगळं समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून भात सोडला! आमच्या धानाच्या पट्ट्यात पोरानं भात सोडला म्हणजे घरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन थेट ऑफिसात. "काय केलं माह्या पोराले? कोन काय बोल्लं त्याले?" बाबूंनी उत्तर दिलं, "ताई, कुणी नाही बोललं. त्यानं स्वतःच बघितलं."

मडावी भाऊंनी त्याला बाजूला घेतलं. "बेल्टाचं भोक पाय ना बे! कोनतं भोक लावतं तू?"

"दुसरं."

"मागच्या वर्षी कोनतं लावत होता?"

"दुसरंच."

"मंग? टीव्ही काऊन पाहून राह्यला?"

पण भोकावर कुणाचा विश्वास बसतो? स्क्रीन केवढी मोठी! महिन्याभरानं पुन्हा व्हीसी, या वेळी चेहरा दोन्ही स्क्रीनवर. उजव्या स्क्रीनवर शेंडे एकदम बरोबर दिसत होता, हिरोसारखा. आनंदानं त्यानं डावीकडं बघितलं, तर तिथं टायफॉइडमधून उठलेला माणूस! साहेबही घाबरले, आठ दिवसांची आजारी रजा घे म्हणाले. बाबूंनी अर्ज पुढं ओढला, एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि मला विचारलं, "मॅडम, रजा यातल्या कोणत्या शेंडेला द्यायची?"

*

मग महिन्याचा रिपोर्ट आला.

आमची पद्धत साहेबांनी घालून दिलेली. मागच्या महिन्याचा फोटो डावीकडं, या महिन्याचा उजवीकडं. कोणतंही जनावर घ्या, डावीकडं मागच्या महिन्यातलं, उजवीकडं आजचं. साहेब स्वतः वही घेऊन बसायचे आणि निरीक्षणं लिहायचे.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. महिन्याभरात आमच्या रेंजमधल्या सगळ्या जनावरांची तब्येत सुधारली!

सांबर भरलं. चितळं भरली. रानडुकरं तर अशी भरली की मला दोनदा बघावंसं वाटलं. एक मोर निघाला, तो बदकासारखा बसका दिसत होता. एका फोटोत बकऱ्या राखणारा म्हातारा सापडला, तोही चांगला खाऊनपिऊन दिसत होता. साहेबांनी लिहिलं, 'पाणवठ्यांच्या कामामुळे अधिवासात लक्षणीय सुधारणा.'

मडावी भाऊ म्हणाले, "साहेब, पानवठ्यात पानी नाई. मी कालच पाहून आलो. चिखल हाय नुसता."

साहेब शांतपणे म्हणाले, "मडावी, हे बघा, डोळ्यांसमोर आहे."

मी एकदा तोंड उघडलं. "सर, ते उजवीकडचं चित्र ताणलेलं..." साहेब म्हणाले, "टेक्निकल बाबी नंतर, मॅडम." त्या 'नंतर'चा दिवस कधी आला नाही. खरं सांगायचं तर मीही तो आणला नाही. माझे अकरा महिने संपत आले होते आणि पुढच्या अकरा महिन्यांची फाइल साहेबांच्या टेबलावर होती.

रिपोर्ट वर गेला आणि वरून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून घेतलं. बाबूंनी फ्रेमला नंबर टाकला.

आणि त्याच दिवशी साहेब म्हणाले, "बघा, यंत्रणा किती अचूक चालते आहे! आता मडावींची ऑर्डर काढायला हरकत नाही."

*

ऑर्डर टाइप करायचं काम बाबूंचं. त्यांचं मशीन दुरुस्तीला गेलेलं, म्हणून ते माझ्या मशीनवर बसले. सोमवारी टाइप केली, सेव्ह केली, बंद केली. मंगळवारी उघडली तर दिसेना.

झालं होतं असं. कोणतीही फाइल शेवटी जिथं बंद केली तिथंच पुन्हा उघडते. बाबूंनी सोमवारी ती मोठी दिसावी म्हणून उजव्या स्क्रीनवर ओढून बंद केली होती. आणि साहेबांचा नियम असा, की इन्व्हर्टरवर लोड नको, म्हणून फोटो बघायचे नसतील तेव्हा उजवी स्क्रीन बंद. म्हणजे फाइल उघडत होती. अगदी व्यवस्थित उघडत होती. बंद स्क्रीनवर!

बाबूंनी पुन्हा टाइप केली. तीही तिकडंच. बुधवारी मशीन बंद करून चालू केली. गुरुवारी म्हणाले, "व्हायरस आहे." शुक्रवारी त्यांनी खुर्चीची दिशा बदलली. मी शेजारच्या टेबलावर बसून वहीत कार्डांच्या नोंदी करत होते आणि मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं की ऑर्डर कुठं आहे. हात लांब केला असता आणि बटण दाबलं असतं, तर ऑर्डर समोर आली असती.

मी नाही दाबलं. मला कुणी विचारलं नाही, आणि सेटिंगला हात लावू नका हे साहेबांनीच सांगितलं होतं.

सोमवार ते सोमवार, आठ दिवस गेले. मडावी भाऊ रोज येत होते, स्टूलवर बसत होते, म्हातारीचा कान दाखवत होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. एक दिवस बाबू बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "बाई, त्या काऱ्या स्क्रीनमंधी हाय ना माही ऑर्डर?"

"कुठं?" मी म्हटलं. "मला तर काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पळसाच्या पानात टेंभरं, तेंदूची फळं, ठेवलेली होती. पिकलेली, निवडून आणलेली.

नवव्या दिवशी बाबूंनी माळ्यावरून जुना टाइपरायटर काढला, धूळ झटकली आणि उभ्या उभ्या ऑर्डर ठोकली. दहा मिनिटांत साहेबांची सही! मला म्हणाले, "मॅडम, याचं एक बरं आहे. कागद एकच असतो, आणि तो समोरच असतो."

*

आता शेवटचा.

ऑर्डर निघाली. शनिवारी दुपारनंतर मडावी भाऊंना कार्यमुक्त करायचं होतं. बाबूंनी सकाळीच त्यांचं स्टूल स्टोअरला जमा करून घेतलं. रजिस्टरवर होतं म्हणे.

आणि नेमक्या त्याच शनिवारी वरच्या ऑफिसचे मोठे साहेब येणार होते. कारण काय, तर नदीकडची म्हातारी! कान फाटलेली. आठवड्यापूर्वी तिचा नवा फोटो आला होता. डावीकडं मागच्या महिन्यातली, उजवीकडं आत्ताची. साहेबांनी दोन्ही बघितल्या, खुर्ची मागं सरकवली, आणि वर फोन लावला. 'वाघीण गर्भवती असण्याची दाट शक्यता.' त्यावर तिकडून प्रश्न आले, इकडून उत्तरं गेली, त्या भागातला रस्ता बंद करायचा नकाशा तयार झाला. मोठे साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

आले. अर्ध्या दारातून आडवे होऊन आत आले. वयस्क माणूस, गणवेश साधा, बोलणं कमी. माझ्या खुर्चीवर बसले. साहेब एका बाजूला उभे, बाबू रजिस्टर घेऊन दुसऱ्या बाजूला, मी मागं भिंतीशी. मी दोन्ही फोटो उघडले.

"एका महिन्यात इतका फरक?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो सर. अधिवासच तसा तयार झालाय," साहेब म्हणाले.

मोठे साहेब बघत राहिले. त्यांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. मला माहीत होतं काय खटकतंय. माझ्यापासून दोन हातांवर ते निळं तोंड होतं, पांढरा नंबर टाकलेलं. मी भिंतीशीच उभी राहिले. लाज वाटली मला, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात दारात मडावी भाऊ. कॅमेऱ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या द्यायला आले होते. दोरीत ओवलेला जुडगा हातात, खांद्याला पिशवी, बाहेर सायकलला वळकटी बांधलेली. साहेब म्हणाले, "बाबूंकडं द्या आणि निघा, मडावी."

भाऊंनी किल्ल्या बाबूंच्या हातात दिल्या. पण निघाले नाहीत. नजर स्क्रीनवर गेली होती. रोजची सवय, दुसरं काय! त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं बघितलं.

"कोण हे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मडावी, सर. वनमजूर. आधी इथं स्टूलवर बसायचे. आज कार्यमुक्त होत आहेत."

मोठे साहेब भाऊंकडं वळले. "काय बघताय?"

"म्हातारी पाहून राह्यलो, साहेब."

"काय वाटतं?"

"मी वाघिनीचं नाई पाहून राह्यलो," भाऊ म्हणाले. "मांगचं झाड पाहून राह्यलो."

वाघिणीच्या मागं सागाचं झाड होतं. दोन्ही फोटोंत तेच. कॅमेरे समोरासमोर जोडीनं बांधतात, त्यातला दुसरा या झाडावर, आणि त्याला एक बेल्ट. खात्याचे पट्टे कुजले तेव्हा भाऊंनी गार्ड लोकांचे जुने बेल्ट दोन-दोन जोडून सगळ्या झाडांना बांधले होते.

"थो बेल्ट मीच बांधला, साहेब," भाऊ म्हणाले. "शेंडेचा जुना बेल्ट हाय. तिसरं भोक. परवा कार्ड काढाले गेलो तवा बी तिसरंच भोक होतं. इकडच्या फोटोत झाड बरोबर हाय. तिकडच्या फोटोत झाड दीड हात जाडं झालं. महिन्याभरात सागवान येवढं नाई वाढत. वाढलं असतं तर बेल्ट तुटला असता, कॅमेरा खाली पडला असता, आन फोटोत दिसलाच नसता."

साहेब डावीकडं बघत होते, मग उजवीकडं. बाबूंनी रजिस्टर छातीशी धरलं. दारातून शेंडे डोकावत होता, त्याचा हात आपोआप बेल्टवर गेला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे वाघीण गाभण नाही?"

"असन बी, साहेब. मी नाई म्हनत नाई," मडावी भाऊ म्हणाले. "पन मंग सागवान बी गाभन हाय."

मोठे साहेब हसले नाहीत. खुर्ची फिरवून त्यांनी भाऊंच्या खांद्यावरची पिशवी बघितली, अर्ध्या दारातून दिसणारी सायकल बघितली, सायकलवरची वळकटी बघितली. मग बाबूंना म्हणाले,

"स्टूल आणा."